पाच फूट चार इंच

लुमिंगने पाच वर्षं हप्ते भरून जी शवपेटी घेऊन ठेवली होती, ती तिच्या नवऱ्याने एका मंगळवारी शेजाऱ्याला देऊन टाकली. लुमिंग त्या वेळी बातांगासला लेकीच्या बाळंतपणाला गेली होती. तिला आधी विचारावं असं आन्सेल्मोच्या मनात आलं नव्हतं असं नाही. आलं होतं. पण आन्सेल्मोच्या मनात येणाऱ्या चांगल्या गोष्टी काम उरकल्यावर यायच्या, ही त्याची जन्मखोड होती.

पेटी काही घरात ठेवलेली नव्हती. घरात होता तो एक कागद. बाळ येशूच्या मूर्तीमागे बिस्किटांचा जुना डबा होता, त्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत हा कागद गुंडाळलेला असे. ज्या दिवशी गरज पडेल त्या दिवशी तो दाखवायचा, की गावातल्या अंत्यविधीच्या कार्यालयातून गाडी येणार, गाडीतून पेटी, दिव्यांचे खांब, फुलांची चौकट, सगळं येणार आणि घरच्यांनी फक्त रडायचं. कुणाकडे हात पसरायचा नाही. लुमिंगने शेवटचा हप्ता गेल्या मार्चमध्ये भरला, तेव्हा तिने बाजारातल्या आपल्या सुमानच्या टपरीवर सगळ्या गिऱ्हाइकांना एकेक सुमान फुकट वाटला होता. केळीच्या पानात बांधलेला तो चिकट भात खात लोकांनी पेटीचं चित्रही पाहिलं. फिका जांभळा रंग, कोपऱ्यांवर सोनेरी गुलाब, आत पांढरं रेशमी अस्तर.

"लुमिंग ह्याच्यात लग्नाच्या केकसारखी दिसेल," देन्सियो म्हणाला होता आणि आन्सेल्मो पोट धरून हसला होता.

देन्सियो हा समोरचा शेजारी, आन्सेल्मोचा चाळीस वर्षांचा दोस्त आणि शिवाय कुमपारे. म्हणजे आन्सेल्मोच्या लेकीचा बाप्तिस्मा झाला तेव्हा हा धर्मपिता होता. धंद्याने तो झुंजीचे कोंबडे पाळी. त्यावर पैसे मिळवी असं मात्र कुणी म्हणू नये. आन्सेल्मो ट्रायसिकल रिक्षा चालवी आणि फेऱ्यांच्या मधल्या वेळात देन्सियोच्या खुराड्यामागे उलट्या बादलीवर बसून सिगारेट ओढी. तिथे दोन बादल्या होत्या. खुराड्यामागची ती जागा मुख्यतः झेनायदापासून लपण्याकरता होती; तीही तशीच धर्मनात्यातली, पण बाई म्हणून कुमारे.

झेनायदा एकतीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झाली आणि विम्याचं काम करू लागली. फळ्यावर लिहायची सवय काही सुटली नव्हती. तिने पाच वर्षांपूर्वी बारांगायच्या, म्हणजे वस्तीच्या पंचायतीच्या, सभागृहात शेवयांचा फुकट नाश्ता ठेवून सगळ्यांना बोलावलं आणि फळ्यावर एक घर काढलं. एक भिंत अडीअडचणीच्या पैशाची, एक आजारपणाची, एक आयुष्याच्या विम्याची. मग खडू आपटून तिने विचारलं, "कमावणारा माणूस उद्या गेला, तर घर किती महिने चालेल?"

"कमावणारा गेला तर ना, बाई!" देन्सियो मागून ओरडला. "आमच्या घरात मी हरणारा आहे!"

सगळं सभागृह हसलं. लुमिंग हसली नाही. ती घरी आली आणि तिने सुमानच्या पैशांतून महिन्याला थोडं थोडं बाजूला काढायला सुरुवात केली. आन्सेल्मोला झेनायदा त्यानंतर पाच वर्षं भेटायला येत राहिली आणि आन्सेल्मो पाच वर्षं सांगत राहिला की जत्रा होऊ दे, नाताळ होऊ दे, ट्रायसिकलचे टायर होऊ देत. शेवटी शेवटी तर तो सांगायचाही थांबला. तिची छत्री गल्लीच्या तोंडाशी दिसली की तो बादलीवर. मरणाच्या कागदावर सही केली की मरण लवकर येतं, असं देन्सियोचं पक्कं मत होतं.

त्या देन्सियोने कसल्याच कागदावर सही केली नव्हती. मंगळवारी सकाळी कोंबड्याला आंघोळ घालता घालता तो खाली बसला आणि परत उठला नाही. कोंबडा फेसासकट पळाला.

देन्सियोची बायको बासिंग ओट्यावर बसली होती. शेजारपाजारचे जमले होते. "घरात काय आहे?" असं कुणीतरी हळूच विचारलं.

"तीन हजार पेसो," बासिंग म्हणाली. "आणि अकरा कोंबडे. एक पळालाय, म्हणजे दहा."

"मग पत्त्यांची टेबलं लावू," एक म्हातारा म्हणाला. "खेळणारे दर डावाला वाटा ठेवतील. आठ-दहा दिवसांत पुरण्याचा खर्च निघेल. तोवर ठेवू त्याला."

हे ऐकून आन्सेल्मो ओट्यापाशी पुढे सरकला. लुमिंगची आई गेली तेव्हा असंच झालं होतं. पत्त्यांचे पैसे पुरेसे जमेपर्यंत म्हातारीला अकरा दिवस घरात ठेवलं. शेवटी आली ती फळ्यांची पेटी, घाईघाईने तपकिरी रंगवलेली, रंगसुद्धा न वाळलेला. लुमिंगने पेटीवर हात ठेवला तर रंग तिच्या बाहीला लागला. तो ब्लाउज तिने अजून टाकलेला नव्हता आणि परत कधी घातलेलाही नव्हता.

"पत्ते नकोत," आन्सेल्मो म्हणाला. "माझ्याकडे आहे."

"काय आहे?"

"आहे म्हटलं ना."

आणि तो घरी जाऊन बाळ येशूच्या मागे हात घालू लागला.

कार्यालयातल्या मुलीने कागद उलटसुलट पाहिला. "दुसऱ्याच्या नावावर करता येतं, काका. पण धारक बाई कुठे आहेत?"

"बातांगासला. नातू झालाय आम्हाला."

"अभिनंदन. त्यांची सही लागेल." मग तिने खालची ओळ वाचली. "थांबा. तुम्ही आन्सेल्मो काबिग का? मग तुमची सही चालेल. तुमचंच नाव आहे इथे."

आन्सेल्मोने चष्मा आणला नव्हता. नवऱ्याचं नाव कुठल्याही अर्जावर लागतंच, रेशनपासून शाळेपर्यंत. त्याने सही ठोकली.

"पेटीचं माप पाच फूट चार इंच लिहिलंय," मुलगी म्हणाली. "मयताची उंची?"

"पाच नऊ."

"मग गुडघे जरा मुडपावे लागतील."

"चालेल. जन्मभर तो पाय पोटाशी घेऊनच झोपला." हे बोलताना आन्सेल्मोचा आवाज फाटला. मुलीने त्याच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला. लुमिंग तर जेमतेम पाच फूट, हिने चार इंच कशाला वाढवून घेतले असतील, असा विचार त्याला पाणी पिता पिता चाटून गेला. पण बायकोला प्रत्येक वस्तू ऐसपैस लागते, हे त्याला ठाऊक होतं. तो विचार पाण्याबरोबर खाली गेला.

"रंग तपकिरी मिळेल का?" त्याने विचारलं.

"नोंदवलेला रंगच येतो. बदलायचा तर साडेचार हजार."

म्हणजे जांभळाच.

आन्सेल्मोने बेत आखला होता. शनिवारी दफन, रविवारी लुमिंग परत. मधल्या दिवसांत झेनायदाला गाठायचं, अशीच दुसरी योजना स्वतःच्या नावावर घ्यायची, नवा कागद बिस्किटांच्या डब्यात ठेवायचा. हप्ते ट्रायसिकलच्या कमाईतून. लुमिंग काही रोज कागद वाचत बसत नाही. पाच वर्षं जिच्यापासून लपला, तिच्या दारात तो आपण होऊन जाऊन उभा राहिला. दार उघडून झेनायदा त्याच्याकडे आणि मग आकाशाकडे बघत राहिली.

"कुमारे, मला ती योजना पाहिजे. लुमिंगसारखी. आजच."

"बस," झेनायदा म्हणाली. ती रडली होती हे दिसत होतं. देन्सियोच्या दोन मुली तिच्याच वर्गात होत्या. "वय?"

"साठ."

"साठ पूर्ण, की एकसष्ट?"

"एकसष्ट. तीन आठवड्यांपूर्वी पूर्ण झाली."

झेनायदाने वही मिटली. "साठापर्यंतच घेता येते, कुमपारे."

"तीन आठवड्यांनी काय होतंय?"

"तीन आठवड्यांपूर्वी, तुझ्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, मी अर्ज भरून तुमच्या दारात उभी होते. फक्त सही हवी होती. लुमिंग म्हणाली तू चर्चला गेलायस." ती थांबली. "खुराड्यामागून धूर येत होता. दोन सिगारेटींचा."

त्या दिवशी बादलीवर बसून देन्सियो म्हणाला होता, बाई तर घरीच जात नाही रे, हिच्यापेक्षा मरण बरं, ते एकदाच येतं. ते दोघं तोंडावर हात धरून हसले होते. आता त्यातला एक मुडपलेल्या गुडघ्यांनी जांभळ्या पेटीत जाणार होता.

गाडी दुपारी आली. अख्ख्या गल्लीने दरवाजा उघडताना पाहिलं आणि अख्खी गल्ली गप्प झाली. कारण ह्या गल्लीत असं एकही माणूस नव्हतं ज्याने सुमान खाता खाता ती पेटी चित्रात पाहिली नव्हती. देन्सियोच्या म्हाताऱ्या आत्याने तेवढं विचारलं, "मोठी नाही ना? मोठी पेटी वाईट. घरातल्या दुसऱ्याला बोलावते."

"लहानच आहे, आत्या," आन्सेल्मो म्हणाला.

"मग ठीक. रंग काय हा पण. कोंबडेवाल्याला गुलाब?"

चार लोकांनी पेटी आत ठेवली. आन्सेल्मोला आता एकच ध्यास लागला. रंग झाकायचा. त्याने आधी पांढरी चादर टाकली. बासिंग म्हणाली, चादर नको, गरमीने जीव घुसमटतो. कुणाचा घुसमटणार होता देव जाणे. मग तो छपाईच्या दुकानात गेला आणि देन्सियोचा कोंबड्यासकट मोठा फलक छापून आणला. आठ फूट लांब. तो त्याने पेटीच्या समोरच्या अंगाला असा बांधला की एकही गुलाब दिसेना, आणि वर चेहऱ्यापुरती काच सोडून फुलं पसरली. फलकावर देन्सियो हसत होता आणि त्याच्या काखेतला कोंबडा रागाने बघत होता. आपलं डोकं अजून चालतं, असं आन्सेल्मोला वाटलं.

गुरुवारी दुपारी लुमिंग आली.

बातांगासला तिला लेकीच्या फोनवर देन्सियोची बातमी कळली आणि बाळाला दुसऱ्या आजीच्या मांडीवर देऊन ती पहिल्या बसला बसली. घरी न जाता ती थेट समोर, मांडवात शिरली. गल्लीवर ताडपत्री ताणली होती. खाली टेबलांवर कॉफी, बिस्किटं, तळलेले शेंगदाणे. तिने हातातला बातांगासच्या कॉफीचा पुडा तिथेच दिला आणि आत गेली. आन्सेल्मो आत भिंतीला टेकून उभा होता. तिला बघताच त्याने आधी फलकाकडे पाहिलं. फलक जागेवर होता. त्याने मनातल्या मनात देवाला एक अख्खी मेणबत्ती कबूल केली.

लामायच्या घरी, म्हणजे मयत घरात ठेवून माणसं सोबतीला बसतात तिथे, कुणी कुणाचे आभार मानत नाही. आभार मानले की दुसरं मरण मागवल्यासारखं होतं. त्यामुळे बासिंग उठली, लुमिंगचे दोन्ही हात घट्ट धरले, तोंड उघडलं आणि मिटलं. मग तिने मानेने पेटीकडे खूण केली आणि हुंदका दिला.

"हो गं, हो," लुमिंग म्हणाली. "कळतंय मला."

मग आत्याने तिच्या गालावरून हात फिरवला आणि पेटीकडे बोट दाखवलं. मग बाजारातली मासळीवाली आली. लुमिंगशी तिचं जागेवरून दोन वर्षं भांडण होतं. ती लुमिंगच्या गळ्यात पडली आणि पेटीकडे मान हलवून नाक पुसत बाहेर गेली. मग आणखी दोघी. प्रत्येकजण हात दाबत होता, डोळे पुसत होता आणि पेटीकडे बघत होता, पण बोलत कुणी नव्हतं.

"सगळे मला पेटी का दाखवतायत?" लुमिंगने शेजारच्या खुर्चीतल्या बाईला विचारलं. "मी काय आंधळी आहे?"

"असं कसं बोलतेस," ती बाई म्हणाली. "इतकं मोठं मन करायचं आणि वर असं बोलायचं! दुसऱ्या कुणी दिली असती का?"

"काय दिली असती?"

बाईने समजून उमजून मंद स्मित केलं. लुमिंग उठली. पेटीपाशी गेली, वाकून काचेतून देन्सियोकडे बघितलं, क्रूसाची खूण केली. डोळ्यातलं पाणी काचेवर पडू नये म्हणून ती मागे सरकली, आणि मागे सरकताना तिची नजर पेटीच्या डोक्याकडच्या कोपऱ्यावर गेली. तो कोपरा भिंतीकडे होता. फलक तिथपर्यंत पोचला नव्हता.

सोनेरी गुलाब.

तिने फलकाची कड दोन बोटांनी उचलली. कोंबड्याच्या शेपटीखालून फिका जांभळा रंग दिसला. तिने कड जशीच्या तशी खाली सोडली, हाताने नीट केली आणि मान वळवून भिंतीकडे पाहिलं. आन्सेल्मो तिथे नव्हता. तो दारातून बाहेर पडायच्या बेतात होता, पण दारात आत्या उभी होती.

"असा नवरा-बायकोचा जोडा बघितला नाही," आत्या सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "लुमिंग, तू माझ्या भाच्याला राजासारखं पाठवतेयस."

खोलीतल्या सगळ्या माना लुमिंगकडे वळल्या. बासिंगसुद्धा बघत होती. तिच्या त्या नजरेत इतकी लाज आणि इतका आधार होता की तिथे कुणी खरं बोललं असतं तर त्या बाईने जमिनीत तोंड लपवलं असतं.

"त्यात काय एवढं," लुमिंग म्हणाली. "माणूस गेल्यावर वस्तू कशाला धरून बसायची."

मग ती खाली बसली आणि तासभर पेटीकडे बघत राहिली. आन्सेल्मो तिच्या शेजारी बसला. बायको ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिने त्याला बिस्किटांची बशी दिली.

लामायहून उठताना घरचे लोक कुणाला दारापर्यंत सोडायला येत नाहीत, आणि उठलेला माणूस थेट घरी जात नाही. वाटेत कुठेतरी टेकायचं, म्हणजे मरण मागोमाग घरी येत नाही. समोरच राहात असले तरी हा नियम मोडून चालत नाही. म्हणून दोघं गल्ली ओलांडायची सोडून उलट्या दिशेने चालत कोपऱ्यावरच्या पेजेच्या दुकानात गेले. लुमिंगने आल्याची पेज मागवली. दोन वाट्या आल्या. ती फुंकर घालून खाऊ लागली.

"लुमिंग," आन्सेल्मो म्हणाला. "ते पत्ते लावणार होते गं. आठ-दहा दिवस ठेवणार होते त्याला. मला तुझी आई आठवली."

लुमिंगचा चमचा थांबला. मग परत चालू झाला.

"मी झेनायदाकडे गेलो होतो. तुला दुसरी घेऊन देणार होतो. पण माझं वय उलटलं. तीन आठवड्यांनी." त्याने वाटी बाजूला सारली. "मी तुझी पेटी दिली, लुमिंग. तुझे पाच वर्षांचे सुमान दिले. शिव्या दे, पण काहीतरी बोल."

"सही कुणाची चालली?" लुमिंगने विचारलं.

"माझी."

"कशी चालली?"

"ती मुलगी म्हणाली, तुमचंच नाव आहे."

"मग?"

"मग काय? नवऱ्याचं नाव असतंच अर्जावर."

लुमिंगने चमचा खाली ठेवला. "माप किती लिहिलं होतं?"

"पाच चार."

"मी किती?"

"पाच." आन्सेल्मो म्हणाला. आणि मग थांबला. त्याची स्वतःची उंची पाच फूट चार इंच होती. ट्रायसिकलच्या परवान्यावर लिहिलेलीच होती.

दुकानदाराने मध्येच येऊन अंडं हवं का विचारलं. लुमिंगने हातानेच नंतर म्हणून खुणावलं, तो परत गेला.

"माझ्या घराण्यातल्या बायका नव्वदीपर्यंत जगतात," लुमिंग म्हणाली. "आई एकटी लवकर गेली. तू दिवसाला पाकीटभर ओढतोस, रविवारी लांबानोग दारूची बाटली संपवतोस आणि डॉक्टरचं नाव काढलं की खुराड्यामागे जातोस. मी स्वतःसाठी कशाला पेटी घेईन? ती तुझी होती, सेल्मो."

"माझी? जांभळी?"

"बघत मी बसणार होते ना! तू तर डोळे मिटून पडणार होतास. पाच दिवस समोर बसून मला बघायचं होतं. तपकिरी मला बघवणार नव्हती." तिचा आवाज आता हलू लागला होता. "गुलाबसुद्धा मीच निवडले. लग्नात तू कागदाचे आणले होतेस, खरे महाग होते म्हणून. आणि तू तिला म्हणालास केक."

"ते देन्सियो म्हणाला."

"तू हसलास."

ते खरंच होतं. आन्सेल्मोने मान खाली घातली. पेजेवर साय धरली होती. ह्या बाईने पाच वर्षं चुलीसमोर बसून त्याच्याकरता राजाची पेटी घेतली आणि आपण ती बायकोची समजून दुसऱ्याला दिली, तेही तिच्या माघारी. बरं, दिली त्याचा पस्तावा करावा तर देन्सियो डोळ्यापुढे येत होता. पस्तावा कशाचा करायचा हेच त्याला ठरवता येईना, आणि म्हणून तो सगळ्याचाच करू लागला. पाच वर्षांचा, बादलीचा, धुराचा, त्या हसण्याचा. त्याला रडू आलं. लुमिंगने त्याच्यापुढे पेजेच्या दुकानातला कागदी रुमाल सरकवला.

"दिलीस ते बरं केलंस," ती म्हणाली. "विचारलं असतंस तर मीच दिली असती. पण विचारायला हवं होतंस."

"हो."

"अंडं खातोस?"

"हो."

शनिवारी देन्सियोला पुरलं. दफनभूमीत आन्सेल्मोने फलक सोडून घेतला आणि पेटी उन्हात जशी होती तशी सगळ्यांना दिसली. ती सुंदर होती. ती खाली जाताना लुमिंगपेक्षा तोच जास्त वेळ बघत राहिला.

देन्सियोचा चाळीसावा दिवस झाला आणि त्याच आठवड्यात सकाळी गल्लीच्या तोंडाशी झेनायदाची छत्री दिसली. आन्सेल्मो ट्रायसिकल पुसत होता. त्याच्या पायांना काही कळलं नाही, ते आपले निघाले आणि त्याला समोरच्या अंगणातून थेट खुराड्यामागे घेऊन गेले. बासिंगने कोंबडे विकले होते, तो पळालेला एक सोडून. तो परत आला होता आणि रिकाम्या खुराड्यात एकटा फिरत होता. मागे दोन बादल्या तशाच उलट्या ठेवलेल्या होत्या. आन्सेल्मो एकीवर बसला. दुसरीवर धूळ बसली होती. त्याने ती हाताने पुसली आणि पुसल्यावर त्याला कळलं की आता इथे कुणी येणार नाही.

"सेल्मो!" लुमिंगने घरातून हाक मारली. "कुमारे आलीय! धूर दिसत नाहीये, पण तू तिथेच आहेस!"

तो उठून गेला. आत टेबलावर नवा अर्ज पसरलेला होता.

"लुमिंग अठ्ठावन्नची आहे, तिच्या नावावर घेता येईल," झेनायदा म्हणाली. "ती गेली तर पुढचे हप्ते माफ. तू गेलास तर माफ नाहीत. पूर्ण भरल्यावर मात्र योजना दुसऱ्याला देता येते. हे मी तुला काय सांगणार, कुमपारे!"

"ऐकलंस?" लुमिंग म्हणाली. "पाच वर्षं. तोवर तुला जायची परवानगी नाही. सिगारेट आजपासून बंद. आणि हप्ता तुझ्या ट्रायसिकलचा."

"बरं," आन्सेल्मो म्हणाला. त्याने खिशातलं पाकीट काढून टेबलावर ठेवलं.

"रंग?" झेनायदाने विचारलं.

"जांभळाच," आन्सेल्मो म्हणाला. "गुलाबांसकट."

"उंची? लुमिंग पाच फूट. पाच लिहू?"

"पाच चार लिही."

लुमिंगने त्याच्याकडे रोखून पाहिलं. "आणि मी आधी गेले तर? चार इंच मोठी होईल. मोठी पेटी घरातल्या दुसऱ्याला बोलावते, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे," आन्सेल्मो म्हणाला. "तू लिही, कुमारे. पाच चार."

झेनायदाने दोघांकडे पाहिलं, पेनाचं टोपण काढलं आणि पाच चार लिहिलं. लुमिंग उठून आत गेली. थोड्या वेळाने तिने दोघांना गरम सुमान आणून दिले, आणि आन्सेल्मोच्या बशीत दोन ठेवले.